सिम्युलेटरमध्ये विमान टाकले, पण दिसत नाही: मॉडच्या नेहमीच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय

गेल्या मे महिन्यात आमच्याच इमारतीत राहणारा, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा भर दुपारी लॅपटॉप काखेत धरून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काका, फोल्डर तर बरोबर टाकलं, पण विमान दिसूनच नाही राहिलं." त्याने ते मॉड, म्हणजे विमान उडवण्याच्या सिम्युलेटर या संगणकावरच्या खेळात बाहेरून आणून घालायचे विमान, तीन वेळा काढून पुन्हा टाकले होते. एवढ्याने भागले नाही म्हणून अख्खा सिम्युलेटर काढून नव्याने उतरवायला घेतला होता आणि त्या खटाटोपात घरच्या इंटरनेटचा महिन्याचा कोटा संपवला होता. दोष सापडायला पाच मिनिटेही लागली नाहीत. झिप उघडताना विंडोजने त्याच नावाचे एक फोल्डर वर घातले होते, त्यामुळे विमान एक पायरी खाली जाऊन बसले होते आणि सिम्युलेटर तितक्या खोल पाहतच नाही.

मॉड चालत नाही म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असते. मॉड बिघडलेले नसते, सिम्युलेटरही बिघडलेला नसतो; सिम्युलेटर फाइली कुठे आणि कशा शोधतो हे माहीत नसल्यामुळे माणूस चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करत राहतो. म्हणून पुढे उपाय सांगताना प्रत्येक उपायामागचे कारणही सांगत जाणार आहे. विवेचन मुख्यतः ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरचे आहे, कारण माझ्या ओळखीतले बहुतेक लोक अजून तोच वापरतात. फाइलींची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत; संगणकावर ती अर्थातच रोमन अक्षरांत दिसतील.

पहिला प्रश्न: बिघाड नेमका कोणता?

काहीही काढण्याआधी किंवा टाकण्याआधी तीन गोष्टींपैकी कोणती घडते आहे ते ठरवावे. विमान यादीतच दिसत नाही, की यादीत दिसते पण आत गेल्यावर त्याचे रंग, पडदे किंवा कळा चालत नाहीत, की विमान निवडताच किंवा सिम्युलेटर सुरू होतानाच सगळे बंद पडून डेस्कटॉप समोर येतो? या तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. "मॉड चालत नाही" या एका वाक्यात तिन्ही कोंबली की पुढचा सगळा शोध अंदाजपंचे होतो.

यादीत विमानच नाही

बाहेरून आणलेली विमाने कम्युनिटी नावाच्या फोल्डरमध्ये टाकावी लागतात. ते कुठे आहे यावरच अर्ध्या लोकांची गाडी अडते. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून घेतलेल्या प्रतीत ते सी ड्राइव्हवर तुमच्या वापरकर्त्याच्या नावाखाली ॲपडेटा, लोकल, पॅकेजेस, मग मायक्रोसॉफ्ट.फ्लाइटसिम्युलेटर या अक्षरांनी सुरू होणारे लांबलचक फोल्डर, त्यात लोकलकॅश आणि त्यात पुन्हा पॅकेजेस, इतक्या आत असते. स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या प्रतीत ते ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या फोल्डरखाली सापडते. ॲपडेटा हे फोल्डर विंडोज मुळातच लपवून ठेवते, त्यामुळे लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू केल्याशिवाय ते दिसणार नाही. इन्स्टॉल करताना सामान दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवले असेल, तर अंदाज न बांधता युजरसीएफजी.ऑप्ट ही फाइल नोटपॅडमध्ये उघडावी. तिच्या शेवटच्या ओळीत इन्स्टॉल्डपॅकेजेसपाथ या शब्दापुढे खरा पत्ता लिहिलेला असतो आणि त्या पत्त्यावर ऑफिशियल व कम्युनिटी ही दोन फोल्डरे शेजारी-शेजारी असतात. सिम्युलेटर बदलून पाहिला असेल, आधी स्टीमचा आणि नंतर स्टोअरचा, तर जुने कम्युनिटी फोल्डर मागे राहिलेले असते आणि माणूस इमानेइतबारे त्यातच मॉड टाकत बसतो. हे मी दोनदा पाहिले आहे.

फोल्डर सापडल्यावर त्यातल्या मॉडचे फोल्डर उघडावे. उघडताच मॅनिफेस्ट.जेसन आणि लेआउट.जेसन या दोन फाइली समोर दिसायला हव्यात आणि त्यांच्याच शेजारी सिमऑब्जेक्ट्स हे फोल्डर हवे. त्याऐवजी एकच फोल्डर दिसत असेल, तर आतले फोल्डर उचलून कम्युनिटीत आणावे आणि बाहेरचे रिकामे टरफल काढून टाकावे. एका झिपमध्ये दोन-तीन मॉड एकत्र बांधलेले असतील, तर प्रत्येकाचे फोल्डर वेगवेगळे काढून कम्युनिटीत थेट ठेवावे लागते. काही जण उलट्या बाजूने चुकतात: मॉडच्या फोल्डरातला माल मोकळाच कम्युनिटीत ओततात. मग मॅनिफेस्ट.जेसन कम्युनिटीच्या तोंडाशी येऊन पडते आणि तिचा काही उपयोग होत नाही. हे सगळे सिम्युलेटर बंद असताना करावे, कारण कम्युनिटीची झडती तो फक्त सुरू होताना घेतो. चालू सिम्युलेटरमध्ये टाकलेले विमान यादीत येण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे.

हे सगळे ठीक असूनही विमान दिसत नसेल, तर मॅनिफेस्ट.जेसन नोटपॅडमध्ये उघडून किमान आवृत्तीची ओळ पाहावी. तिथे लिहिलेल्या क्रमांकापेक्षा तुमचा सिम्युलेटर जुना असेल, तर तो मॉडला उभेही करत नाही. क्रमांक खोडून लहान लिहिण्याचा मोह होतो. तसे केल्यास विमान यादीत येते खरे, पण ज्या नव्या सोयींवर ते बेतलेले आहे त्या नसल्यामुळे बिघाड फक्त पुढे ढकलला जातो. सिम्युलेटर अद्ययावत करणे हाच खरा उपाय आहे.

लिव्हरीच्या, म्हणजे विमानावरच्या रंगसंगतीच्या मॉडचे गणित थोडे वेगळे असते. लिव्हरीच्या फोल्डरमध्ये पूर्ण विमान नसतेच. तिच्या एअरक्राफ्ट.सीएफजी या फाइलीत बेसकंटेनर अशी एक ओळ असते आणि त्या ओळीत मूळ विमानाच्या फोल्डरचे नाव जसेच्या तसे लिहावे लागते. मूळ विमान तुमच्याकडे नसेल, किंवा निर्मात्याने नव्या आवृत्तीत त्या फोल्डरचे नाव बदलले असेल, तर लिव्हरी निराधार होते आणि यादीतून नाहीशी होते. दुसरी अडचण टायटलच्या ओळीची. प्रत्येक लिव्हरीचे टायटल वेगळे असावे लागते. एक लिव्हरी नक्कल करून त्यावरून दुसरी बनवणारे लोक हे बदलायला विसरतात आणि मग दोघींपैकी एकच दिसते.

लेआउट.जेसन आणि माझ्या वाया गेलेल्या दोन संध्याकाळी

लेआउट.जेसन या फाइलीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ती मला स्वतःला महागात पडली आहे. या फाइलीत त्या मॉडमधल्या प्रत्येक फाइलीचा पत्ता, तिचा आकार बाइटमध्ये आणि तारीख अशी नोंद असते. तारीख आपल्या ओळखीच्या रूपात नसते, तर एका भल्यामोठ्या आकड्याच्या रूपात असते. सिम्युलेटर फोल्डर चाळत बसत नाही, ही यादी वाचतो. जी फाइल यादीत नाही ती त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही, मग ती तुमच्या डोळ्यांसमोर फोल्डरमध्ये ठळक का दिसेना. यादीतला आकार आणि प्रत्यक्ष आकार जुळला नाही, तर काही वेळा विमान अर्धवट उभे राहते, काही वेळा उभेच राहत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सिम्युलेटरच्या मालिकेला ४० वर्षे झाल्याच्या निमित्ताने जे मोफत अपडेट आले, त्यात डग्लस डीसी-३, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या बोलण्यातले डाकोटा, मिळाले. नागपूरकराला डाकोटाचे आकर्षण असण्याला कारण आहे. जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेचे केंद्र नागपूर होते. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास या चार दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. त्या काळाला शोभेल अशी एक साधी चंदेरी लिव्हरी करावी आणि रात्री सोनेगावला उतरावे, एवढीच माझी हौस होती.

दुसऱ्याची मोकळ्या परवान्याची लिव्हरी घेऊन मी तिच्यात बदल केले. पंखांचे आणि धडाचे चित्र त्याच नावाने बदलले, शेपटीसाठी मात्र नवीन नावाची फाइल केली. सिम्युलेटर उघडला तर शेपटीवर मूळ रंग तसाच. चित्र पुन्हा केले, पुन्हा तेच. मूळ चित्र कुठून येते आहे हे शोधण्यात पहिली संध्याकाळ गेली. दुसऱ्या संध्याकाळी रोलिंग कॅश, म्हणजे इंटरनेटवरून आलेल्या दृश्यांचा डिस्कवरचा साठा, पुसली, ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर बदलला, सिम्युलेटर चार वेळा चालू-बंद केला. कूलरच्या घरघरीत आणि लोडिंगच्या पट्टीकडे पाहण्यात रात्रीचे साडेअकरा झाले, तेव्हा कुठे सहज म्हणून लेआउट.जेसन उघडली. शेपटीच्या नव्या फाइलीचे नाव तिच्यात नव्हतेच. सिम्युलेटरला ती फाइल सापडत नव्हती, म्हणून तो टेक्स्चर.सीएफजीमध्ये दिलेल्या फॉलबॅकच्या वाटेने मागे जाऊन मूळ विमानाचे चित्र आणून लावत होता.

यावर उपाय म्हणजे एमएसएफएस लेआउट जनरेटर नावाचे छोटे, मोफत साधन. लेआउट.जेसन ही फाइल माउसने उचलून त्या साधनाच्या चिन्हावर सोडली की ते फोल्डर वाचून यादी नव्याने लिहिते. एका क्षणाचे काम. तेव्हापासून माझा नियम असा आहे की मॉडच्या फोल्डरात एक अक्षर जरी बदलले, तरी आधी ही यादी नव्याने करायची आणि मगच सिम्युलेटर उघडायचा. जेसन फाइल हाताने दुरुस्त करणाऱ्यांनी स्वल्पविरामांकडे बारीक लक्ष द्यावे. शेवटच्या नोंदीनंतर एक जास्तीचा स्वल्पविराम राहिला, किंवा वर्ड प्रोसेसरमध्ये फाइल उघडल्यामुळे सरळ अवतरणचिन्हांची जागा वळणदार चिन्हांनी घेतली, तर संपूर्ण मॉड नाकारले जाते.

विमानाचा काही भाग काळा किंवा भडक गुलाबी दिसत असेल, तर चित्राची फाइल किंवा तिच्यासोबतची जेसन फाइल गहाळ आहे असे समजावे. विमानाची चित्रे डीडीएस या प्रकारच्या फाइलींत असतात आणि अशा प्रत्येक चित्रासोबत त्याच नावाची एक छोटी जेसन फाइल असते. ती निरुपयोगी समजून पुसणारे लोक आहेत. आपल्याकडे याला आणखी एक कारण मिळते. झिप उघडत असताना वीज गेली तर शेवटच्या काही फाइली शून्य बाइटच्या राहतात, फोल्डर मात्र पूर्ण असल्यासारखे दिसते. उन्हाळ्यात असे झाले असेल तर मॉड पुन्हा उतरवण्याची गरज नसते, झिप शाबूत असेल तर तीच पुन्हा उघडावी.

पत्त्याची लांबी

विंडोजमध्ये फाइलीचा पूर्ण पत्ता साधारणपणे २६० अक्षरांच्या आत असावा लागतो. स्टोअरच्या प्रतीत कम्युनिटीपर्यंत पोहोचेपर्यंतच सुमारे ११० अक्षरे खर्च होतात. पुढे मॉड करणाऱ्याने फोल्डरला विमान, कंपनी, नोंदणीक्रमांक आणि स्वतःचे टोपणनाव असे ऐसपैस नाव दिले, सिमऑब्जेक्ट्स आणि एअरप्लेन्समधून खाली जाऊन पुन्हा तेच नाव लिहिले, की मर्यादा ओलांडली जाते. मग त्या एकाच लिव्हरीचे चित्र येत नाही आणि बाकी सगळ्या व्यवस्थित चालतात, त्यामुळे शंका लिव्हरी करणाऱ्यावर जाते. सर्वांत बाहेरच्या फोल्डरचे नाव आखूड करणे हा तात्पुरता उपाय आहे. ते नाव बदलल्याने सहसा काही बिघडत नाही, आतल्या फोल्डरांना मात्र हात लावू नये. कायमचा उपाय म्हणजे पॅकेजेस डी ड्राइव्हवर एमएसएफएस अशा चार अक्षरी फोल्डरात हलवणे आणि युजरसीएफजी.ऑप्टमध्ये नवा पत्ता लिहिणे. असे केले की कम्युनिटीपर्यंतचा पत्ता २० अक्षरांच्या आत येतो. ही फाइल बदलण्याआधी तिची एक प्रत बाजूला ठेवावी.

याच ओघात एक सूचना. विंडोजमध्ये वापरकर्त्याचे नाव किंवा मॉडचे फोल्डर देवनागरीत लिहू नये. मराठीत नाव पाहून बरे वाटते, पण सगळीच साधने असा पत्ता नीट वाचतात असे नाही, आणि चूक कुठे आहे ते सांगणारा संदेशही येत नाही.

अपडेटनंतर सगळे कोसळणे

सिम्युलेटरचे मोठे अपडेट आल्यानंतरच्या आठवड्यात तक्रारींचा पूर येतो. सिम्युलेटर सुरू होताना किंवा विमान निवडताना एकदम डेस्कटॉपवर आपटतो. अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे कम्युनिटी फोल्डरचे नाव बदलून दुसरे काही ठेवावे, कम्युनिटी नावाचे नवे रिकामे फोल्डर करावे आणि सिम्युलेटर उघडून पाहावा. तो नीट चालला, तर दोष मॉडमध्ये आहे हे सिद्ध होते. नाही चालला, तर मॉडच्या मागे लागण्यात अर्थ नाही. सिम्युलेटर कोसळल्यानंतर पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडायचे का असे विचारले जाते, तेही याच तपासणीसाठी आहे, कारण त्या अवस्थेत बाहेरची पॅकेजेस बाजूला ठेवली जातात.

दोष मॉडमध्ये आहे हे कळल्यावर एकेक मॉड टाकून पाहणारे लोक रात्र जागवतात. त्यापेक्षा निम्मी मॉडे टाकावीत. कोसळला तर दोषी त्या निम्म्यांत, नाहीतर उरलेल्यांत. दोषी भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. या रीतीने ६४ मॉडांतला एक दोषी सहा फेऱ्यांत सापडतो. एका फेरीला लोडिंगसह सात-आठ मिनिटे धरली, तरी तासाभरात निकाल लागतो. सगळी मॉडे वेगळ्या ड्राइव्हवर ठेवून त्यांचे फक्त दुवे कम्युनिटीत आणणारे ॲडऑन्स लिंकर हे मोफत साधन वापरले, तर फाइली हलवाव्या लागत नाहीत, नुसत्या खुणा करून मॉडे चालू-बंद करता येतात. ज्याच्याकडे दहापेक्षा जास्त मॉडे आहेत त्याने ते वापरावेच असे माझे मत आहे.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही कोसळल्याची नोंद सापडते. तिथे फॉल्टिंग मॉड्यूल या शीर्षकापुढे एखाद्या मॉडशी संबंधित नाव दिसले, तर शोध तिथेच संपतो. बहुतेक वेळा मात्र सिम्युलेटरचे स्वतःचे किंवा विंडोजचेच नाव आणि ०एक्ससी००००००५ हा संकेतांक असतो. त्याचा अर्थ इतकाच की प्रोग्रॅमने स्मृतीतल्या नको त्या जागी हात घातला. तेवढ्यावरून कोणालाही दोषी धरता येत नाही, आणि तो संकेतांक पाहून रॅम बदलायला सीताबर्डीच्या बाजारात धावू नये.

मोठ्या, गुंतागुंतीच्या विमानांबाबत आणखी एक कारण असते. त्यांच्या प्रणाली वेबअसेंब्ली या स्वरूपात लिहिलेल्या असतात आणि सिम्युलेटर पहिल्यांदा विमान उघडताना त्यांचे तुमच्या संगणकासाठी रूपांतर करून ठेवतो. अपडेटनंतर हे रूपांतर पुन्हा व्हावे लागते, म्हणून पहिल्या वेळी लोडिंग फारच लांबते आणि लोक घाबरून मधेच बंद करतात. ते होऊ द्यावे. जुने रूपांतर अडकून बसले असेल, तर स्टोअरच्या प्रतीत लोकलस्टेटमधल्या पॅकेजेसखाली त्या विमानाच्या नावाचे फोल्डर शोधून त्यातला रूपांतरित भाग पुसावा लागतो. तिथल्या वर्क या फोल्डरला मात्र हात लावू नये. तुमच्या आवडीनिवडी, जतन केलेल्या अवस्था आणि काही विमानांची सक्रियतेची माहिती तिथे असू शकते.

दोन मॉडे एकाच फाइलीवर हक्क सांगत असतील, तर फोल्डरच्या नावाच्या वर्णानुक्रमाने जे नंतर येते त्याचे चालते. म्हणूनच काही मॉडांच्या नावाआधी दोन-तीन झेड लावलेले दिसतात. वर्किंग टायटल या गटाने पूर्वी विमानांच्या पडद्यांसाठी वेगळी मॉडे दिली होती, ती पुढे सिम्युलेटरमध्येच सामावली गेली. ती जुनी मॉडे कम्युनिटीत राहिली असतील तर नव्या व्यवस्थेशी त्यांचे भांडण होते आणि पडदे काळे राहतात. दोन वर्षे न उघडलेले मॉड काढून टाकायला हरकत नसते, पण लोकांना ते जिवावर येते.

अँटिव्हायरसने एखादी फाइल परस्पर उचलून बाजूला ठेवली आहे का हेही पाहावे. काही विमानांसोबत स्वतंत्र प्रोग्रॅम चालतो आणि संशय नेमका त्यावरच येतो. अधिकृत ठिकाणाहून आणलेले असेल, तर त्या एका फोल्डरला सूट द्यावी. अँटिव्हायरस कायमचा बंद करू नये, आणि पैसे देऊन घ्यावे लागणारे विमान फुकट देणाऱ्या ठिकाणाहून काही आणले असेल तर मुळीच सूट देऊ नये.

बिघाड नसलेले बिघाड

फ्लायबायवायर या गटाचे ए३२एनएक्स हे मोफत आणि मुक्त स्रोताचे एअरबस आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. त्याच्याबद्दल येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या तक्रारी मॉडच्या नसतातच. "सगळे पडदे काळे आहेत" असे सांगणाऱ्याला मी आधी विचारतो की बॅटरी चालू केली का. विमान पार्किंगमध्ये निवडले की ते थंड आणि अंधारे मिळते. डोक्यावरच्या पॅनेलवर दोन्ही बॅटऱ्या, मग बाहेरची वीज किंवा एपीयू (वीज पुरवणारे विमानातले छोटे सहायक इंजिन), आणि त्यानंतरही पडदे स्वतःची तपासणी करतात. त्या काळात पडद्यावर जास्तीत जास्त ४० सेकंद लागतील असे लिहिलेले असते. खऱ्या विमानातही तसेच असते.

"ऑटोथ्रस्ट लागत नाही", म्हणजे इंजिनची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा चालू होत नाही, ही दुसरी तक्रार. एअरबसच्या थ्रॉटलला, म्हणजे इंजिनची ताकद ठरवणाऱ्या दांड्याला, ठरावीक खाचा असतात आणि उड्डाणानंतर तो सीएलबी (क्लाइंब, म्हणजे चढण्याच्या) खाचेत आणावा लागतो. घरच्या जॉयस्टिकला खाच नसते, त्यामुळे कोणत्या स्थितीला कोणती खाच समजायची हे विमानातल्या टॅबलेटवर जाऊन एकदा शिकवावे लागते. ते न करता विमान काढून पुन्हा टाकले, तर पुन्हा तेच होणार. हे मॉड त्यांच्या स्वतःच्या इन्स्टॉलरमधूनच टाकावे. हाताने टाकलेली प्रत आणि इन्स्टॉलरची प्रत अशा दोन्ही एकाच वेळी कम्युनिटीत असणे हा हमखास बिघाड आहे.

तिसरा किस्सा खास आपल्या शहराचा. एकाने कळवले की छोटे सेसना १५२ मॉड सोनेगावहून चढतच नाही, फ्लाइट मॉडेल, म्हणजे विमान कसे उडेल याचे गणित, चुकले आहे. धावपट्टी ३,२०० मीटर लांब असूनही विमान झाडांच्या वर जायला कुरकुरत होते. त्याने प्रत्यक्ष हवामान चालू ठेवले होते, वेळ मेमधल्या दुपारी तीनची आणि तापमान ४५ अंश. विमानतळ समुद्रसपाटीपासून हजार फुटांहून थोडा उंच आहे. त्या उष्णतेत हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ते जवळपास ५,००० फुटांवरून उडते आहे. इंजिनची ताकद घटते, पंखांची उचल घटते, त्यात दोन माणसे आणि भरलेल्या टाक्या. मी त्याला पहाटे साडेपाचची वेळ लावून, निम्म्या इंधनावर तेच विमान उडवायला सांगितले. चढले. मॉड चुकीचे नव्हते, उलट चांगलेच प्रामाणिक होते.

उन्हाळ्यात आणखी एक गफलत होते. तापलेल्या खोलीत लॅपटॉप अर्ध्या तासाने अडखळू लागतो किंवा बंद पडतो आणि नवीन टाकलेल्या मॉडवर आळ येतो. तेच उड्डाण रात्री, किंवा मूळच्या साध्या विमानात करून पाहावे. तेव्हाही अडखळत असेल तर पंख्यातली धूळ काढावी.

२०२४ च्या आवृत्तीत

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या सिम्युलेटरचे कम्युनिटी फोल्डर वेगळे आहे. जुन्यात टाकलेले मॉड नव्यात आपोआप दिसत नाही. स्टोअरच्या प्रतीत त्या फोल्डराच्या नावात फ्लाइटसिम्युलेटर हा शब्दही नसतो, मायक्रोसॉफ्ट.लिमिटलेस या नावाखाली ते सापडते, आणि त्यामुळे लोक बराच वेळ शोधत बसतात. या आवृत्तीत बरेचसे मूळ सामान डिस्कवर नसून इंटरनेटवरून वाहत येते, म्हणून मूळ विमानाची फाइल उघडून पाहण्याची जुनी सवय तिथे उपयोगी पडत नाही. २०२० साठी केलेली काही विमाने तिथे चालतात, काही अर्धवट चालतात. निर्मात्याने तसे स्पष्ट लिहिले नसेल, तर चालेल असे गृहीत धरू नये.

एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर वापरणाऱ्यांचे काम त्या मानाने सोपे आहे. विमानाचे पूर्ण फोल्डर एअरक्राफ्ट फोल्डरात ठेवायचे आणि काही अडले तर मुख्य फोल्डरातली लॉग.टीएक्सटी उघडून शेवटच्या ओळी वाचायच्या. प्रोग्रॅम कोणत्या प्लगइनवर, म्हणजे जोड-प्रोग्रॅमवर, अडखळला ते बहुधा तिथेच लिहिलेले असते.

विचारण्यापूर्वी

एवढे करूनही अडले, तर विचारताना सिम्युलेटरचा पूर्ण आवृत्ती क्रमांक, प्रत स्टोअरची की स्टीमची, मॉडचे नाव आणि आवृत्ती, तीनपैकी कोणता बिघाड आहे, आणि रिकाम्या कम्युनिटीत काय होते, इतके लिहावे. मॉडच्या फोल्डराचा उघडलेला, पत्त्याची पट्टी दिसणारा फोटो जोडला तर फारच उत्तम, कारण फोल्डरात फोल्डर आहे की नाही हे त्यात लगेच दिसते. तो पॉलिटेक्निकचा मुलगा आता असे फोटो न सांगता पाठवतो. मागच्या आठवड्यात त्याने पाठवलेल्या फोटोत कम्युनिटीच्या आत कम्युनिटी नावाचेच आणखी एक फोल्डर होते, आणि फोटो मिळाल्यावर मी काही लिहिण्याआधीच त्याचा दुसरा संदेश आला: "राहू द्या काका, दिसलं."